धूर आज कुठे गेला?

आमच्या घरी स्टोव्हची ज्योत जरा पिवळी झाली की मी हातातलं वर्तमानपत्र टाकून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, "झालं! आले इन्स्पेक्टर." तिचं काही चुकत नाही. ज्याने उभा जन्म बॉयलरपाशी काढला, त्याचं लक्ष ज्योत आणि धूर सोडून तिसरीकडे जात नाही. गाडीने कुठे निघालो की लोक खिडकीतून डोंगर बघतात, मी धुराडी बघतो. कुठल्या धुराड्याखाली जागा माणूस आहे आणि कुठल्याखाली झोपाळू, हे मला डब्यात बसून सांगता येतं. काळेकुट्ट लोळ निघत असतील तर खाली कोणीतरी भट्टीत भरमसाट कोळसा कोंबून विडी ओढायला गेला आहे असं समजावं. धूर आहे की नाही असा संशय यावा इतपतच दिसत असेल, तर मी त्या न पाहिलेल्या फायरमनला मनातल्या मनात शाबासकी देतो.

ही गोष्ट साठ सालानंतरची. तेव्हा मी लोणावळ्यात राहायचो आणि सकाळच्या पॅसेंजरने कान्ह्याला उतरायचो. तिथून पायी गेलं की माळावर आमचा पुठ्ठ्यांचा कारखाना लागायचा. मावळात भात अमाप, म्हणून पेंढाही अमाप. तो पेंढा चुन्याच्या पाण्यात घालून वाफेवर शिजवायचा, त्याचा लगदा करायचा आणि लगद्याचे पुठ्ठे काढायचे. लोक लोणावळ्याहून चिक्कीचे खोके घेऊन जात. त्यातले कितीतरी खोके कारखान्याजवळच्या वडिवळे गावच्या शेतात उगवलेले असत, हे खाणाऱ्याला कुठून कळणार!

पेंढा शिजवायची वाफ माझ्या बॉयलरची. माझं काम बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल. कोळशातली ऊब जास्तीत जास्त पाण्याला द्यायची आणि धुराबरोबर कमीत कमी वाया जाऊ द्यायची. भट्टीतला तापलेला धूर आधी बॉयलरच्या पोटातून मागे जातो, मग विटांनी बांधलेल्या वाटेने बॉयलरच्या खालून आणि बाजूंनी फिरतो, आणि जाता जाता पाणी तापवत शेवटी धुराड्याच्या पायथ्याशी येऊन वर निघून जातो. विटांच्या त्या वाटेला आम्ही 'बोगदा' म्हणत असू. माणूस आत शिरून ओणव्याने चालू शकेल एवढा तो असतो.

बोगद्यातून निघताना धूर किती तापलेला आहे, हे बघायला शेवटाला भिंतीतून आत खुपसलेली गाजराएवढी पोलादी नळी होती. तिच्या पोटात पारा भरलेला. तिच्यातून दोऱ्यासारखी बारीक नळी निघून भिंतीवरच्या तबकडीला जोडलेली. धूर तापला की पारा फुगायचा आणि तबकडीवरचा काटा पुढे सरकायचा. काटा पुढे गेला की समजायचं, ऊब फुकट चालली आहे. काटा मागे आला की कारखान्याचे साहेब खूश.

आमच्या धुराचे खरे गिऱ्हाईक मात्र वेगळेच होते. कामशेतचा नामदेव परीट रोज सकाळी सायकल फाटकाला टेकवून मला हाक मारायचा. "भाऊ, धूर आज कुटं सोडनार?"

त्याची पक्की समजूत होती की आत एखादी कळ असते, ती फिरवली की धूर हव्या त्या दिशेला जातो. मी सुरुवातीला त्याला वाऱ्याचं सगळं शास्त्र समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "मग आज कुटं?" तेव्हापासून मी आकाशाकडे बघून गंभीरपणे सांगायचो, "आज तळेगावकडे." तो त्या हिशेबाने चादरी वाळत घालायचा. दुपारी वारा फिरला आणि चादरीवर काजळी बसली की दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलायचा नाही. पण विचारायला यायचा.

त्या वर्षी दिवाळी उलटली आणि तबकडीवरचा काटा मागे यायला लागला. रोज थोडा थोडा. साहेबांनी स्वतः येऊन तबकडीवर टिचकी मारून बघितली आणि आमच्या रघूच्या पाठीवर थाप दिली. रघू म्हणजे माझा फायरमन, कान्ह्याचा. भट्टीत कोळसा असा पसरायचा की जणू अंगणात रांगोळीची बोटं फिरत आहेत. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. आठवडाभर रघू छाती काढून चालत होता आणि खरं सांगायचं तर मीही.

पण कोळशाचा ढीग पूर्वीसारखाच खचत होता. धुराची ऊब वाचते आहे तर कोळसा वाचायला नको? एकदा मी धुराड्याच्या पायथ्याशी विटेवर तळहात टेकवला. नेहमीइतकीच पोळली. म्हणजे धूर तितकाच तापलेला होता आणि काटा थापा मारत होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते हसून म्हणाले, "पेढे तर पचले आता. सुट्टीच्या दिवशी उघडून बघा." मोठा दिलदार माणूस होता तो.

आमची सुट्टी गुरुवारी असे. महिन्यातून एका गुरुवारी बॉयलर थंड करून बोगदा झाडायचा. हे काम चार बायका करत आणि त्यांची पुढारी होती ठमाबाई. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली ती. काटकुळी, पण पाठीची ताठ. बोगद्यात सगळ्यात आत, धुराड्याच्या पायथ्याशी, तीच शिरायची. तिथे काजळी सगळ्यात जास्त साठते आणि जागा सगळ्यात कमी. घमेली भरभरून ती मागे सरकवायची आणि आतून तिचं गाणं ऐकू यायचं. बाहेर आली की दात तेवढे पांढरे दिसायचे. नळावर हातपाय तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ती दुपारची पॅसेंजर पकडायची, कारण दर गुरुवार तिचा दवाखान्याचा वार होता.

तिचा नवरा कोंडिबा क्षयाच्या दवाखान्यात होता. उभी हयात त्याने रानात लाकडाचे कोळसे पाडले होते. मातीने लिंपलेल्या भट्टीजवळ रात्रंदिवस बसायचं, धूर कुठून फुटतो ते बघायचं आणि तिथे माती थापायची. म्हणजे तसा तो माझ्याच धंद्यातला माणूस. त्या धुराने छाती गेली आणि पुढे रोगाने गाठलं. कोळसे पाडून पाडून त्याने बायकोला एक डोरलं केलं होतं, काळ्या मण्यांत दोन सोन्याच्या वाट्या. वाडीत तेवढं सोनं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नव्हतं, हे ठमाबाई स्वतः सांगायची, आणि सांगताना वाट्या नकळत चाचपायची.

काट्याच्या गोंधळात माझ्या उशिरा लक्षात आलं की ठमाबाई दुपारच्या गाडीला दिसत नाही. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. कामावर यायची, पण गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून. राखेचं घमेलं डोक्यावर, घामाने निथळते आहे आणि पदर काही सुटत नाही. गाणंही बंद.

आणि एके सकाळी रघूने बातमी आणली. त्याचा चुलतभाऊ त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होता. "भाऊ, कोंडिबा जेवत न्हाई. दूध परत धाडतो, अंडं परत धाडतो. डाक्टर म्हनले, असं केलं तर औषिध काय करनार? लय दिवस काढायचा न्हाई तो."

मी ठमाबाईला बोलावलं. ती राखेच्या ढिगापाशी उभी राहिली.

"ठमाबाई, तुम्ही दवाखान्यात जात का नाही? कोंडिबा जेवत नाहीये."

तिने एकदम वर बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं. ती खालीच बसली.

"भाऊ, माजं कुकू चाललंय."

"असं काय बोलता?"

तिने इकडे तिकडे बघितलं आणि पदर सैल केला. डोरल्याच्या दोन्ही वाट्या पांढऱ्या पडल्या होत्या. नवीन कल्हई केलेल्या पातेल्यासारख्या. मण्यांचा रंग तसाच, काळा कुळकुळीत, आणि मधे ते दोन पांढरे डाग.

"आंगूळ करताना बगितलं. चिंचंनं घासलं, राखंनं घासलं. जात न्हाई. सोनं कवा पांढरं पडतं व्हय भाऊ? त्ये त्यांचंच हाय, त्यांनीच केलेलं. त्यांचं कायतरी इपरीत व्हनार म्हून त्ये आदीच पांढरं पडलं." तिने पदर पुन्हा घट्ट केला. "आता कंच्या तोंडानं जाऊ? त्यांनी ह्ये बगितलं तर आस सोडतील. म्या गेले न्हाई तर रागावतील नुसते. रागावू द्या. जगतील तरी."

बोगद्यात कमरेत वाकून काजळी उपसणारी ही बाई, घरी जाऊन एकटी चिंचेने सोनं घासत बसते आणि नवऱ्याला जगवायचं म्हणून त्याच्यापासून लांब राहते. मला तिची इतकी माया वाटली की मी तोंड फिरवून उगाच बॉयलरवरची, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघत बसलो.

दुपारी मी तिला घेऊन कामशेतला सोनाराकडे गेलो. हे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ठमाबाई दुकानाच्या पायरीवर बसली आणि डोरलं न काढता पुढे केलं. अण्णांनी भिंग लावून बघितलं, नखाने हलकेच खरवडलं.

"पारा लागलाय," ते म्हणाले. "बाई, सोनं चोख आहे तुमचं. सोनं पारा पितं."

"पारा?" ठमाबाई म्हणाली. "त्यो काय आस्तो?"

"तेच मी विचारतोय. पारा तुम्हाला लागला कुठे?"

ती अण्णांकडे बघत होती आणि अण्णा माझ्याकडे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तबकडीवरचा काटा आला. मागे मागे येणारा. ज्या काट्याचे आम्ही पेढे खाल्ले तो.

त्याच आठवड्यात गुरुवारी बॉयलर थंड केला. बायकांना मी बोगद्याच्या तोंडापाशीही येऊ दिलं नाही. रघूने आणि मी तोंडाला ओली फडकी बांधली, काजळीवर पाणी शिंपलं आणि आत गेलो. ती पोलादी नळी उपसून काढली. टोकाला धुरातल्या गंधकाच्या आम्लाने खाल्लेलं सुईएवढं भोक. त्यातून पारा थेंबाथेंबाने गळत होता, म्हणून काटा मागे येत होता. नळीच्या खाली काजळीत मोहरीहून बारीक चकचकीत दाणे सापडले, पण फार नाहीत.

जास्त सापडले ते तिथून पुढे, धुराड्याच्या अगदी पायथ्याशी, ठमाबाई जिथे बसायची तिथे. पारा तिथवर चालत थोडाच गेला होता? तेव्हा मला ती गंमत कळली, गंमत म्हणवत नाही, पण शब्द नाही दुसरा. बोगद्यातल्या उष्णतेत पाऱ्याची वाफ होते. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही. ती धुराच्या संगतीने निमूट निघते. पायथ्याशी विटांची एक सांध फुटली होती, तिथून बाहेरचा गार वारा आत ओढला जायचा. गार लागलं की दव पडावं तसा पारा तिथे उतरला आणि काजळीत मुरला. काजळी म्हणजे न जळलेला कोळसा, तिला पारा धरून ठेवायची भारी हौस. जे काजळीला सापडलं नाही ते वर निघून गेलं. आणि जे सापडलं त्यात बसून ठमाबाई गाणं म्हणत होती.

ती सगळी काजळी ओली करून आम्ही विहिरीपासून लांब, माळाच्या टोकाला, चुना घालून पुरली. साहेबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्या बाईचं सोनं परत होईल का?"

होण्यासारखं होतं. अण्णांनी सांगितलं होतं, सोनं तापवलं की पारा उडतो आणि सोनं जागेवर राहतं. अडचण वेगळीच निघाली. तापवायचं तर डोरलं गळ्यातून काढायला हवं.

"म्या न्हाई काडनार," ठमाबाई म्हणाली. आम्ही पुन्हा अण्णांच्या पायरीवर होतो. "त्ये दवाखान्यात पडल्यात, अन् म्या गळा मोकळा करू?"

मी तिला पारा, वाफ, बोगदा सगळं समजावून सांगितलं. तिने नामदेव परटासारखंच नीट ऐकून घेतलं. "समदं खरं असंल भाऊ. पर काडनार न्हाई."

अण्णांच्या बायकोने आतून हे ऐकलं. त्या हळकुंड आणि हळदीत भिजवलेला दोरा घेऊन बाहेर आल्या. ठमाबाईच्या मागे बसून त्यांनी आधी दोऱ्यात हळकुंड बांधलं आणि तो दोरा तिच्या गळ्यात घातला. "हे गळ्यात आहे ना? मग गळा मोकळा कुठे झाला? आम्ही पोत गाठवायला काढतो तेव्हा असंच करतो. आता काढा ते."

ठमाबाईने हळकुंड चाचपलं. मग डोरलं काढून स्वतःच्या हाताने अण्णांच्या तळहातावर ठेवलं.

अण्णा मागच्या परसात गेले. चिमूटभर माती वर उडवून त्यांनी वारा बघितला, आम्हाला सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला उभं केलं आणि वाट्या मण्यांतून सोडवून निखाऱ्यावर धरल्या. फुंकणी फुंकताना श्वास घ्यायला ते दर वेळी तोंड वळवत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग पांढऱ्याचा करडा रंग झाला, करड्यात मातकट पिवळा उमटला, आणि थंड करून चिंचेच्या पाण्यात घासल्यावर सोनं परत सोन्यासारखं दिसू लागलं. एका वाटीवर जराशी खरखर राहिली, तेवढीच. ठमाबाई ओठ घट्ट मिटून बघत होती. अण्णांनी वाट्या हातात दिल्या तेव्हा तिला रडू फुटलं आणि अण्णांच्या बायकोने तिला पोटाशी धरलं.

पुढच्याच गाडीने आम्ही दवाखान्यात गेलो. मी बरोबर गेलो, कारण कोंडिबाला पाऱ्याची हकीगत सांगायला कोणी जाणता हवा असं ठमाबाईचं म्हणणं. माळावरच्या लांबट बराकीत ओळीने खाटा. कोंडिबा शेवटच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी दुधाचा पेला झाकलेला, तसाच भरलेला.

"अवो," ठमाबाई म्हणाली.

त्याने कूस बदलली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. गळ्याकडे बघितलं. बघतच राहिला. मग हात लांब करून एक वाटी दोन बोटांत धरली.

"परत आनलंस?" त्याचा आवाज फार बारीक झाला होता.

"काय परत आनलं?"

"सोनं. इकलं हुतंस नव्हं? मागल्या खेपंला आलतीस तवा बगितलं की म्या. कथलाचं घालून आलतीस. म्हनलं, हिनं माज्या दुदा-अंड्यापायी डोरलं मोडलं. अन् मंग तोंडबी दावंना झालीस." दम लागल्यामुळे तो थांबला. "तुज्या गळ्यातलं मोडून म्या दूद पिऊ व्हय? कसं उतरावं त्ये?"

ठमाबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. मागच्या सफाईच्या गुरुवारी बोगदा झाडून, नळावर धुऊन ती तशीच गाडीत बसली होती. तिला स्वतःला कळायच्या आधी ते कोंडिबाच्या नजरेला कळलं होतं. तिला वाटलं, हे त्याने बघितलं तर तो मरेल. त्याने बघितलं होतं, आणि दूध परत धाडत होता.

"म्या कशापायी इकंन," ती म्हणाली. "मला वाटलं तुमचं बरंवाईट... म्हून आले न्हाई. मला वाटलं, तुमी बगाल अन् आस सोडाल."

"येडी," कोंडिबा म्हणाला. मग जरा वेळाने, "म्याबी."

तिने पेल्यावरची झाकणी काढली. त्याच्या मानेखाली हात घालून त्याला उठवलं आणि तो घोट घोट दूध प्यायला. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो. माझेही डोळे भरले होते, आणि ते सांगायला मला आज लाज वाटत नाही.

मग मी पाऱ्याची हकीगत सांगितली. कोंडिबाने मधे मधे नेमके प्रश्न विचारले. सांध कुठे फुटली होती, वारा कुठून ओढायचा. धुराच्या माणसाला धुराचं बोलणं लगेच कळतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "काजळीत घावला त्यो कळला. पर बाकीचा पारा गेला कुटं?"

"धुराड्यातून वर गेला."

"अन् धूर कुटं गेला?"

वाऱ्यावर गेला, असं काहीसं म्हणालो. "आमी भट्टी लिंपायचो तवा धूर कुटं फुटतोय एवडंच बगायचो," तो म्हणाला. "म्होरं जातो कुटं, ह्ये कवा बगितलंच न्हाई."

कोंडिबाला दवाखान्यातून सुटायला उन्हाळा आला. छाती पूर्वीची राहिली नव्हती, पण चालता फिरता झाला. इकडे नवी पोलादी नळी जाड कवचात बसवली, फुटलेली सांध लिंपली. बोगदा झाडायच्या आधी काजळी भिजवायची आणि नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं, असा नियम साहेबांकडून करून घेतला. सोन्याचा नियम मात्र बायकांनी स्वतः केला. सफाईच्या गुरुवारी चौघी आधी गळ्यात हळकुंड बांधायच्या, मग आपापलं डोरलं काढून पाण्याच्या काचेशेजारच्या खिळ्यांवर अडकवायच्या. बाहेरचा कोणी आला की त्याला वाटायचं, बॉयलरची पूजा आहे.

माझी भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. परवा दिवाळीला आली होती, तिला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, नळी फुटली नसती तरी पारा होताच की." मी म्हटलं, "कुठे?" "कोळशात." दगडी कोळशात सोन्यासारखे चमकणारे खडे असतात, रघू ते हौसेने वेचून खिशात ठेवायचा. म्हणे, त्या गंधकाच्या खड्यांत पाऱ्याचा अगदी किंचित अंश असतो. भट्टीत तो सगळाच्या सगळा वाफ होऊन निघतो, खालच्या राखेत जवळजवळ काहीच राहत नाही. धूर निवत जातो तसा थोडा कोळशातल्याच क्लोरीनशी जुळतो, तो राखेला चिकटतो, पाण्यात विरघळतो आणि जवळपास उतरतो. थोडा काजळीला सापडतो. उरलेला तसाच पारा राहून वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जातो आणि कधीतरी कुठेतरी खाली येतो. शेतात, तळ्यात, माशांत.

"आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "भट्टी जितकी चांगली जाळाल तितकी काजळी कमी. काजळी कमी म्हणजे पाऱ्याला धरणारं कोणी नाही."

म्हणजे ज्या न दिसणाऱ्या धुराचा मला आणि रघूला एवढा अभिमान, तो धूर पाऱ्याला मोकळी वाट देत होता! त्या रात्री माझा डोळा लागला नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं. आमचा एक बॉयलर म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मी स्वतःला समजावतो. पण समजावावं लागतंच.

मला सारखे ते गुरुवार आठवतात. कोंडिबा ठमाबाईला न्यायला दुपारी डोंगरातून खाली यायचा आणि फाटकाजवळच्या जांभळीखाली बसून राहायचा. ती नळावर धुऊन आली की रघू खिळ्यावरचं डोरलं त्याच्या हातात द्यायचा. ठमाबाई त्याच्याकडे पाठ करून बसायची, केस बाजूला घ्यायची. तो आधी डोरलं बांधायचा, गाठ दोनदा ओढून बघायचा आणि मगच हळकुंडाचा दोरा सोडायचा. लग्नात हे एकदाच करतात. कोंडिबा महिन्याच्या महिन्याला करायचा आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग तो माझ्याकडे बघून विचारायचा, "भाऊ, कालचा धूर कुटं गेला?" त्याला मी नामदेव परटाचा किस्सा सांगितला होता, तेव्हापासून ती आमची थट्टाच होऊन बसली होती. मीही तोंड गंभीर करून सांगायचो, "काल वडिवळ्याकडे."

"म्हंजी आमच्याकडंच की," तो म्हणायचा. आणि दोघं हसत हसत त्याच दिशेने घरी निघायची.